आईच्या नावाचं फूल

३ मार्च

ही डायरी चष्म्याच्या काचा विकणाऱ्या कंपनीने नवऱ्याला फुकट दिली. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो लिहितो ते फक्त लोकांच्या डोळ्यांचे नंबर, आणि तेही पावतीच्या मागे. त्यामुळे डायरी दोन महिने कोरी पडून राहिली आणि शेवटी माझ्याकडे आली. आज उघडली, कारण मनात जे आहे ते घरात बोलता येत नाही आणि ऑफिसात तर नाहीच नाही.

माझं पोट वनस्पतींच्या नावांवर चालतं. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर फुलांमध्ये फिरत असेल. मी फिरते कपाटांमध्ये. आमच्या संग्रहालयात फुलं येतात ती दाबून वाळवलेली, जाड कागदावर चिकटवलेली, तपकिरी पडलेली. त्यांच्यात कोण कोणाचं सख्खं, कोण चुलत, कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे मी भिंगातून बघून ठरवते. कोणी हिरवंगार झाड समोर धरलं की मात्र मी गडबडते. ‘वाळवून आणा, मग सांगते,’ असं मी म्हणते. लोक हसतात. मी खरंच सांगत असते.

सध्या कुरणात उगवणाऱ्या जांभळ्या फुलांच्या एका गटाची फेरतपासणी माझ्याकडे आहे. आज टेबलावर जागा कमी पडली आणि दोन प्रजातींचे कागद एकमेकांत मिसळले. स्वतःवरच चिडून ते वेगळे करायला बसले, आणि सहज म्हणून तारखांप्रमाणे लावले. उंच, सरळ, देठावर बारीक लव असलेले सगळे नमुने जूनअखेरपर्यंत गोळा केलेले निघाले. बुटके, फांद्याफांद्यांचे, गुळगुळीत पानांचे सगळे जुलै सरतानाचे आणि त्यानंतरचे. दोन्ही एकाच कुरणातले. आणि त्या कुरणातलं गवत जूनच्या शेवटी कापतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बुटकं ते आईचं फूल आहे.

४ मार्च

काल एवढंच लिहून डायरी मिटली. आज नीट लिहिते.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेला मोठी सुट्टी जुलैत असायची. ती लागली की आम्ही आईच्या माहेरी जायचो. तिथे घरामागे ते कुरण. बाबा दप्तरात रद्दी घेऊन निघायचे आणि रद्दीत फुलं दाबून परत यायचे. एका सुट्टीत त्यांना हे फूल सापडलं. पुस्तकातल्या कोणत्याच वर्णनाशी जुळेना. पुढच्या सुट्टीत पुन्हा, त्याच्या पुढच्या सुट्टीत पुन्हा. मग त्यांनी लेख लिहिला, तो छापून आला आणि एका शाळामास्तराच्या नावावर जगातली एक प्रजाती जमा झाली. तिला त्यांनी आईचं नाव दिलं. ते नाव ज्या नमुन्यावर बेतलं, तो कागद आमच्याच कपाटात लाल पुठ्ठ्यात ठेवलेला आहे. लेबलावर बाबांचं फळ्यावरचं वळणदार अक्षर.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आता आमच्याकडे राहतात, गॅलरीच्या खोलीत. भिंतीवर आईचा फोटो नाही. त्या छापील लेखाचं पहिलं पान चौकटीत लावलंय.

आता जर उंच फूल आणि बुटकं फूल एकच असेल, म्हणजे उंच झाड कापलं गेल्यावर बुडापासून पुन्हा फुटून घाईघाईत फुललं की ते आईचं फूल होत असेल, तर आमच्या शास्त्रात जुनं नाव टिकतं. जुनं नाव उंच फुलाचं. आईचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात जाईल. आणि ते तिथे ढकलणारी मी.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे बापाचं नाव तूच बुडवणार.” माझा चेहरा बघितला आणि गप चहा टाकायला उठला.

हा गट माझ्याकडे आलाय हे बाबांना माहीत आहे, पण यातलं काही त्यांना सांगायचं नाही असं ठरवलंय.

१९ मार्च

जेवताना बाबांनी विचारलं, सध्या काय चाललंय. मी म्हटलं, काही नाही हो, जुनी लेबलं बदलतेय, नुसती कारकुनी. खोटं बोलताना माझा हात नाकाकडे जातो असं आई म्हणायची, म्हणून मी हातात पाण्याचा पेला धरून ठेवला होता. बाबा बरं म्हणाले आणि जेवत राहिले. मी सुटले.

७ एप्रिल

नवरा फ्रेमच्या कारखान्यात जातो म्हणून दोन दिवस बाहेरगावी जाऊन आला. त्याच्या मोज्यांना गवताची कुसळं चिकटलेली आणि गाडीच्या डिकीत हा एवढा चिखल. कारखान्यात चिखल कुठून आला विचारलं, तर म्हणे, पार्किंग कच्चं होतं. एवढा मोठा माणूस, बूट झाडून गाडीत बसायचं कळत नाही. कुसळं मी एकेक करून उपटली. मोजे नवे होते म्हणून, नाहीतर टाकूनच दिले असते.

१५ एप्रिल

बाबांनी गॅलरीत कुंड्या मांडल्यात. एकदम दोन रांगा. मला बरं वाटलं. इतके दिवस नुसते खुर्चीत बसून असायचे, आता निदान पाणी घालायला उठतात. काय लावलंय विचारलं, तर म्हणाले, “बघू काय उगवतं.” भाजीबिजी असेल. मी पाणी घालायला गेले, तर तांब्या हातातून काढून घेतला. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखं होतं म्हणतात ते उगाच नाही.

नवऱ्याने त्यांना जाड काचेचं नवं भिंग बनवून दिलंय. पेपरसुद्धा वाचत नाहीत हल्ली, भिंग कशाला?

२० मे

आज आईच्या फुलाचा लाल पुठ्ठ्यातला कागद काढला. झाड कापल्यावर फुटलं असेल, तर देठाच्या तळाशी कापल्याचा खुंट दिसायला हवा. दिसला नाही. बाबांनी कागदावर चिकटवण्याआधी तळाचा भाग छाटलाय. त्यांच्याच हातचे बाकीचे कागद पाहिले. सगळीकडे तेच. बाबांना ओबडधोबड काही आवडत नाही. शाळेतसुद्धा मुलांच्या वह्यांचे कोपरे सरळ करून मगच तपासायचे. तो खुंट त्यांना बघवला नसणार.

मला किती हायसं वाटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू शकत नाही. पुरावा नाही. नुसत्या तारखांवरून काय सिद्ध होतं? एखादं फूल उशिरा फुलणारंच असतं. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंना मी दोन्ही बाजू सांगितल्या, फुलाला नाव कोणी दिलं ते सांगितलं नाही. त्यांना ते माहीत आहेच. त्या म्हणाल्या, सप्टेंबरअखेर लेख हवा, आणि तुमच्या डोळ्यांना जे दिसतं तेच लिहा. मोठ्या बाई कधी आवाज चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटते.

२७ जून

आज घाबरले. ऑफिसातून लवकर आले तर बाबा गॅलरीत कात्री घेऊन बसलेले. चांगली गुडघ्याएवढी झालेली, कळ्या धरलेली झाडं बुडाशी कापत होते. एक कुंडी सोडायची, एक कापायची. कापलेलं सगळं पेपरावर ओळीने ठेवलेलं. मी म्हटलं, बाबा, अहो काय करताय, फुलायला आली होती की ती. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “वेळ झाली म्हणून कापतोय.” कसली वेळ? मी कात्री काढून घेतली, तर इतक्या शांतपणे हात पुढे केला की परत द्यावी लागली.

दादाला फोन केला. तो म्हणाला, डॉक्टरला दाखव, उशीर करू नकोस. दादाला तिकडून सगळं सोपं दिसतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, करू दे की त्यांना, कुंड्या त्यांच्याच आहेत. मग आमचं वाजलं. हा माणूस माझ्या बाबांच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त हळवा आहे, आणि आजच का असा दगडासारखा वागतोय कळत नाही.

४ जुलै

डॉक्टरांकडे गेलो. तारीख, वार, उलटे आकडे, सगळं बाबांनी सांगितलं. एक आकडा डॉक्टरच चुकले, तो दुरुस्तही करून दिला. मग डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता आजोबा? बाबा म्हणाले, “वाट बघतो.”

घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. नवरा गाडी चालवत होता आणि मला शपथेवर वाटतं की तो हसत होता.

९ ऑगस्ट

आज लेखातला तो परिच्छेद लिहिला. दोन्ही प्रजाती तूर्त वेगळ्या ठेवल्या आहेत, याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे. आमच्या धंद्यात याच्याइतकं सुरक्षित वाक्य नाही. ज्याला खरं बोलायचं नसतं आणि खोटंही बोलायचं नसतं, तो हे वाक्य लिहितो. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी समासात फुली मारली असती.

पण वाक्य लिहून झाल्यावर जीव शांत झाला. बाबांचं वय बघता अजून किती वर्षं? तेवढी त्यांची प्रजाती त्यांच्याकडे राहू दे. नंतर कोणीतरी हुशार पोरगं येईल आणि करेल काय करायचं ते.

शांत झाला असं वर लिहिलंय, पण तसं नाही. उगाच कपाटं आवरत बसले होते.

२४ ऑगस्ट

आजचं सगळं लिहायला हवं.

रविवार. चहा झाल्यावर बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. छोट्या स्टुलावर दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि ते नवं भिंग माझ्या हातात दिलं. लहानपणी पाढे म्हणायला उभं करायचे तेव्हा जसे असायचे, तसेच होते.

“डाव्या कुंडीतलं काय आहे सांग.”

डावीकडे उंच झाड होतं. फुलं होऊन गेलेली, बी धरलेलं, अर्धंअधिक वाळलेलं. देठावर लव. वाळलं होतं म्हणून लगेच ओळखलं. मी नाव सांगितलं.

“आणि उजव्या?”

उजवीकडे बुटकं, फांद्याफांद्यांचं, गुळगुळीत पानांचं. अंगभर जांभळी फुलं. ते मी लहानपणी आईच्या हातात पाहिलं होतं, त्यानंतर फक्त कागदावर. मी भिंग आणखी जवळ नेलं.

बाबा म्हणाले, “तुझ्या आईचं आहे ते. बोल की.” मग खाली वाकून त्यांनी दोन्ही कुंड्यांवर हात ठेवले. “एकाच गड्ड्याचे दोन भाग केलेत. एक राहू दिला, एक जूनमध्ये कापला. सगळ्या कुंड्यांचं तसंच. एकही फसली नाही.”

मला आधी हेच सुचलं की मी सकाळ-संध्याकाळ या कुंड्यांजवळून गेले. भाजी समजून. मग सुचलं की गड्डे आले कुठून, आणि दारात उभा असलेला माझा नवरा बुटांकडे बघायला लागला. मोजे, चिखल, कच्चं पार्किंग. मी त्याला नंतर बघते म्हटलं.

बाबांना विचारलं, तुम्हाला सांगितलं कोणी? नवरा हात वर करून म्हणाला, मी नाही, मला फक्त गाडी घेऊन पाठवलं होतं, आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, त्याने शब्द काढला नाही. तू तो गट हातात घेतलास तेव्हाच मला माहीत होतं, आज ना उद्या माझ्या दारात येशील. “आणि मग तू त्याबद्दल बोलायचीच बंद झालीस. माझं फूल शाबूत असतं, तर पहिल्याच दिवशी धावत येऊन सांगितलं असतंस.”

मी खुर्चीतून खाली बसले आणि रडायला लागले. पन्नाशीची बाई, कुंड्यांमध्ये बसून. म्हटलं, मी हे लिहिणार नाही, मी वेगळं लिहून ठेवलंय. ते सुरक्षित वाक्य त्यांना म्हणूनही दाखवलं. बाबांना हसू आलं. म्हणाले, परीक्षेत प्रश्न अवघड आला की मुलं असंच काहीतरी लिहायची, आणि मी अर्धा गुणसुद्धा द्यायचो नाही.

मग खुर्चीचा हात धरून माझ्या शेजारी खालीच बसले. हळूहळू, गुडघे सांभाळत. म्हणाले, “चूक कुठे झाली ते सांगतो. आपण जायचो सुट्टी लागल्यावर. तोपर्यंत कुरण कापून झालेलं असायचं. इतकी वर्षं गेलो, पण कापणीनंतरच. मास्तरला सुट्टी मिळते तेव्हाच फूल फुलतं, असं मी धरून चाललो.”

“पण आईचं नाव,” मी म्हटलं.

“नाव कुठे जातंय, चिमणे? छापलेलं नाव पुसत नाहीत, तूच शिकवलंस मला. खालच्या ओळीत राहील. पुढे पुढे करायची तिला सवय कधी होती?”

मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकवलं. नवरा आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसला. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, ऊन अंगावर येईपर्यंत.

२६ ऑगस्ट

बाबांचा मेंदू फिरलाय असं मी दादाला सांगितलं होतं. आज फोन करून सांगितलं की फिरलेला माझा होता. दादाने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, बाबांना वाईट वाटतंय का? वाटतंय. काल त्यांनी ते चौकटीतलं पान भिंतीवरून काढलं, पुसलं, हातात धरून उभे राहिले आणि परत लावलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१८ सप्टेंबर

भांडण. मी लेखावर माझ्याआधी बाबांचं नाव घातलं. प्रयोग त्यांचा आहे, मी फक्त कागद चाळले. ते म्हणतात, बुडवणाऱ्यांच्या यादीत मला कशाला ओढतेस, एकदा बुडालो तेवढं पुरे. मी म्हटलं, मग मी पाठवतच नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी मीठ द्या, पाणी द्या एवढंच बोललो. आज सकाळी त्यांनी लेखाची प्रत मागून घेतली, चष्म्यावर भिंग धरून वाचली, एक स्वल्पविराम काढला आणि परत दिली. नाव तसंच ठेवलं.

मोठ्या बाईंनी लेख वाचून मला आत बोलावलं. म्हणाल्या, दुसऱ्याची प्रजाती रद्द करणारे रोज भेटतात. स्वतःची कोणी केलेली मी पाहिली नव्हती. मग म्हणाल्या की उंच आणि बुटक्या, दोन्ही कुंड्यांमधला एकेक नमुना संग्रहासाठी हवा आहे, आणि या वेळी खुंट छाटायचा नाही असं वडिलांना सांगा. बाबांना निरोप दिला तर गालातल्या गालात हसले. फार दिवसांनी.

२ नोव्हेंबर

लेख छापून आला. बाबांनी एकदाच वाचला आणि उशीखाली ठेवला.

११ जून

हिवाळ्यात बाबा फार आजारी होते. डायरी तशीच राहिली. आता काठी लागते, आणि चार पावलांवर थांबावं लागतं. तरी मे महिन्यापासून धोशा लावला होता, कापणीच्या आधी मला तिथे न्या. डॉक्टर नको म्हणाले. मीही नको म्हणाले. नवऱ्याने आमच्या दोघांचंही ऐकलं नाही, सकाळी गाडी दाराशी आणली आणि आणली म्हणून सांगितलं.

आईच्या माहेरच्या घरात आता दुसरे लोक राहतात. त्यांनी मागचं फाटक उघडून दिलं. आणि समोर कुरण. मी ते कायम भादरलेलं पाहिलंय, अनवाणी पायांना खुंट टोचायचे. आज गवत कमरेच्या वर होतं, आणि त्या सगळ्या गवतात, जिथवर नजर जाईल तिथवर, जांभळं. उंच, सरळ, वाऱ्यावर एका बाजूला झुकून परत उभं राहणारं. बाबांच्या छातीपर्यंत येत होतं. मीही ते असं पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्याचं नावच आठवेना.

बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पसरून फुलांवरून फिरवले. मग मध्येच थांबले. मला वाटलं दमले. मी म्हटलं, बसायचं का?

ते म्हणाले, “ती दर वर्षी म्हणायची, एकदा कापणीच्या आधी चला. दर वर्षी. मला वाटायचं, बाईला माहेरची ओढ.”

मी त्यांचा दंड धरला. ते रडत होते आणि मीही रडत होते. मागे नवरा फाटकाशी उभा होता, तो पुढे आला नाही.

थोड्या वेळाने बाबांनी नाक पुसलं, काठी परत मागितली आणि म्हणाले, “अजून जरा आत जाऊ.”

गेलो.